शांततेचा बंदोबस्त

शुक्रवारी सकाळी चंद्रिकानं एकाच खातेदाराच्या पासबुकावर तीनदा शिक्का मारला. चौथ्यांदा हात उचलला तेव्हा काचेपलीकडून म्हातारा म्हणाला, "ताई, पुरं की आता. पान फाटंल."

चूक शिक्क्याची नव्हती. पाच मिनिटांपूर्वी बँकेचे शिपाई पीरसाब तिच्यापुढं चहाचा कप ठेवायला वाकले होते आणि वाकल्या वाकल्याच म्हणाले होते, "मॅडम, बदलीची लिस्ट आली. आपल्या ब्रँचमधनं एकाला नातेपुत्याला धाडायचं हाय. साहेबांनी तुमच्या नावापुढं खूण केलीय. पर पेन्सिलनं. पेन नाही लागलं अजून."

नातेपुतं! चंद्रिकाच्या डोळ्यांपुढं पहाटेची एसटी उभी राहिली. मुलगी पिंकी दहावीला. सासूबाई बसम्मांना, घरच्या अव्वांना, रक्तदाबाची गोळी हातात ठेवली तर घेणार, नाही ठेवली तर आठवणसुद्धा न काढणार. आणि नवरा मंजुनाथ, याच शाखेत कॅशच्या खिडकीत बसणारा. खोटी नोट तो डोळे मिटून बोटांनी ओळखेल. पण कुकरची शिट्टी झाली की नाही, हे त्याला अठरा वर्षांत एकदाही सांगता आलं नव्हतं. या तिघांना मागं ठेवून ती नातेपुत्यात एकटी खोली घेऊन राहणार, म्हणजे जेवणाचं ताट इथं आणि घास तिथं.

ती उठून थेट शाखाधिकारी लिगाडेसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब माणूस वाईट नव्हते. समोर कुणी बाई डोळ्यांत पाणी आणून उभी राहिली की ते आधी पंखा वाढवत.

"बसा, बसा. मी तरी काय करू मॅडम? शाखेतनं एक नाव द्यावंच लागतंय. ते काय चुकत नाही." त्यांनी पंखा वाढवला आणि एक परिपत्रक पुढं सरकवलं. "पण हे वाचा. राज्याच्या आंतरबँक स्पर्धेला जो खेळाडू निवडला जातो, त्याची त्या वर्षात बदली करायची नाही. तुम्ही टेबल टेनिसच्या फायनलला आलाय न्हवं? रविवारी चारला मॅच. जिंकणाऱ्याची राज्याला निवड. जिंका. मी स्वतः खोडरबर घेऊन बसतो."

चंद्रिकाचा खेळ म्हणजे बँकेतलं एक नवलच होतं. वरच्या मजल्यावर जुन्या दप्तरांच्या खोलीत एक टेबल होतं. खिडकीखालच्या कारखान्यात दिवसभर माग चालत. जेवणाच्या सुट्टीत ती आणि पीरसाब तिथं खेळत. पहिले चार-सहा चेंडू रानोमाळ जात. मग काहीतरी होई. खांदे सैल पडत, श्वास चेंडूच्या चालीनं चालू लागे, आणि येणारा चेंडू आधी लिंबाएवढा, मग पेरूएवढा दिसू लागे. इतका मोठा, इतका निवांत, की बाबा, तुला कुठं धाडू, असं त्यालाच विचारून घ्यावं. त्या घटकेला चंद्रिका कुणाची सून नसे, कुणाची आई नसे. नुसता एक हात असे आणि एक ठेका. "लागली बघा मॅडमची तार," असं म्हणून पीरसाब पराभवाला तयार होत. स्पर्धेच्या आधीच्या सगळ्या फेऱ्या याच टेबलावर झाल्या आणि चार बँकांच्या चार पोरी हात हलवत परत गेल्या.

फायनल मात्र चंद्रिकाच्या घराजवळच्याच एका शाळेच्या नव्या सभागृहात होती. शनिवारी संध्याकाळी ती पीरसाबना घेऊन सरावाला गेली. सभागृह देखणं होतं. काचा बंद, फरशी आरशासारखी, आणि आत अशी शांतता की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकलेला ऐकू यावा. चंद्रिकाला आपल्या बुटांचा आवाज ऐकू आला. मग श्वासाचा. मग छातीचा. आणि त्यामागून, दार उघडं सापडल्यासारखे, सगळे विचार आत शिरले. विरजण कोण लावणार? पिंकीची भूमिती कोण बघणार? अव्वांची गोळी? चेंडू लिंबाएवढा व्हायचा सोडून साबुदाण्याएवढा झाला. पीरसाबनी अकरा-तीन, अकरा-दोन असे दोन गेम जिंकले आणि ते स्वतःच घाबरले.

"मॅडम, खुदा की कसम, मी मुद्दाम नाही जिंकलो."

"पीरसाब, मला काय व्हायलंय हो? हात माझाच हाय, बॅट माझीच हाय."

"टेन्शन. दुसरं काय असणार? घरी जावा, झोप काढा. डोक्याला शांती पायजे. शांती मिळाली की तार लागती."

औषध साधं होतं. पण ते मंजुनाथच्या कानावर पडलं आणि तिथून पुढं ते साधं राहिलं नाही.

रविवारी सकाळपासून मंजुनाथनं घरात शांततेचा बंदोबस्त सुरू केला. मिक्सर बंद, शेंगाची चटणी पिंकीनं खलबत्त्यात, तीही फडकं घालून कुटायची. टीव्ही बंद. दाराची कडी वाजते म्हणून तिला लोकरीचा मोजा घातला. कुकर लावायचा नाही, शिट्टी होते. त्यामुळं भात पातेल्यात केला आणि तो खाली लागला. पिंकीनं मोबाईलवर एकाग्रतेचा एक व्हिडिओ शोधून आणला. त्यात एक गृहस्थ डोळे मिटून सांगत होते, की मनात येणारे विचार ढगांसारखे जाऊ द्या. चंद्रिकानं जाऊ दिले. प्रत्येक ढगावर नातेपुतं लिहिलेलं होतं.

"दीड ते तीन तू झोपायचं," मंजुनाथनं कुजबुजत फर्मान काढलं. "साडेतीनला रिक्षा."

"अहो, झोप काय कडी लावल्यावर येती का?"

"श्श! बोलू नकोस. शक्ती जाती."

ती आतल्या खोलीत आडवी झाली. घर साखर पेठेतलं. भिंतीला भिंत लागून शिवप्पाअण्णांचा टॉवेलचा कारखाना होता. चोवीस यंत्रमाग. दिवसभर त्यांची अशी खटाखटी चाले की फळीवरच्या कपबशा आपापसांत बोलत. पण हा आवाज गल्लीत कुणालाच ऐकू येत नसे. चंद्रिकाचं तर माहेरही मागावरचंच. तिचा पाळणा म्हणजे दोन मागांच्या मधे बांधलेली लुगड्याची झोळी. त्या झोळीतच ती झोपायला शिकली, रांगायला शिकली. आपल्या अंगातून रक्त वाहतं याचा आवाज माणसाला येतो का? तसंच ते होतं. चंद्रिकाचे डोळे जडावत आले.

आणि नेमकं तेव्हाच मंजुनाथच्या ध्यानात आलं, की घरातला मोठा आवाज तर तसाच चालू आहे.

तो शिवप्पाअण्णांकडं गेला. तिथं काय झालं हे चंद्रिकाला पुढं कळलं.

"दीड तास बंद?" अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरं, सणालाबी मी बंद करत न्हाय. सांजच्याला माल जायाचाय."

"अण्णा, चंद्रिकाला झोप लागाय पायजे. नाही लागली तर मॅच गेली. मॅच गेली तर नातेपुतं."

अण्णांनी चष्मा परत नाकावर आणला. "बँकेत एवढी माणसं बसल्यात, पर या म्हाताऱ्याला 'बसा अण्णा' म्हणणारी ती एकटीच. जा, करतो बंद. पर दीडच तास."

आणि चोवीस माग थांबले.

आता, गल्लीची एक रीत होती. कुणी मयत झालं की आसपासचे माग थांबायचे आणि माणूस घरातून हलेपर्यंत थांबलेलेच राहायचे. त्यामुळं भर दिवसा माग बंद पडला, की गल्ली आधी पंख्याकडं बघायची. पंखाही थांबला असेल तर लाईट गेली. पंखा फिरतोय आणि माग बंद, तर माणूस गेलं.

गल्ली दुपारच्या झोपेतून खाडकन उठली. पाळण्यातली पोरं रडायला लागली. समोरच्या सरदारबी शिवणयंत्रावर मान टाकून पेंगत होत्या. त्या दचकून जाग्या झाल्या आणि त्यांनी वर बघितलं. पंखा गरागरा फिरत होता. "या अल्ला!" म्हणून त्या डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. माग शिवप्पांचे बंद, म्हणजे शेजारीच काहीतरी. मंजुनाथच्या दारात मंजुनाथ उभा होता. चेहरा उतरलेला, डोळे तारवटलेले.

"मंजुनाथ, काय झालं रे बाबा?"

मंजुनाथनं ओठांवर बोट ठेवलं आणि दोन्ही हात जोडून, कृपा करून बोलू नका, अशी खूण केली.

सरदारबींनी त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. पुढच्या खोलीत, पंख्याखाली, सतरंजीवर बसम्मा निजल्या होत्या. माश्या बसतात म्हणून त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून घेतली होती. चाळीस वर्षं मागावर काढल्यानं त्यांचे कान गेलेले. माग चालू काय, बंद काय, त्यांच्या झोपेला त्याचा पत्ता नव्हता. कडीला मोजा बांधलेला पाहून सरदारबींना काय वाटलं देव जाणे, पण त्यांचा बांध फुटला. त्या पदर तोंडात कोंबून आत आल्या आणि चादरीशेजारी बसल्या.

मंजुनाथला वाटलं, बाई रडते आहे, पण निदान आवाज न करता रडते आहे. त्यानं हरकत घेतली नाही.

दहा मिनिटांत खोली भरली. पलीकडच्या चार कारखान्यांत बातमी गेली, आणि बसम्मांना मान देऊन तेही थांबले. शंभराच्या वर माग गप्प झाले. शांतता अशी दाटली की गल्लीतली कुत्री उभी राहून एकमेकांकडं बघू लागली. मंजुनाथ प्रत्येक येणाऱ्यापुढं हात जोडून ओठांवर बोट ठेवत होता, आणि प्रत्येक येणारा त्याच्या पाठीवरून हात फिरवून आत जात होता. गल्लीतली माणसं किती समजूतदार, या विचारानं त्याचे डोळे खरंच भरून आले, आणि मग तर कुणाला शंकाच उरली नाही.

आतल्या खोलीत चंद्रिका टक्क जागी होती. माग थांबले तेव्हा तिचा डोळा खाडकन उघडला. कानात गूं गूं व्हायला लागलं. मग बाहेरून दबलेलं मुसमुसणं आलं. एकाचं नाही, पाच-पंचवीस जणांचं. तिला वाटलं, पिंकी? अव्वा? की हेच? ती धडपडत उठली, दार ढकललं, आणि पुढच्या खोलीत चाळीस माणसं मान खाली घालून बसलेली पाहून जागच्या जागी थिजली.

त्याच वेळी दारातून शिवप्पाअण्णा हातात झेंडूचा हार घेऊन आले. माग का बंद केले हे साऱ्या गल्लीत त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. पण एवढी गर्दी पाहून त्यांचाही स्वतःवरचा विश्वास उडाला होता.

"मंजुनाथ, हे बरं केलं न्हाईस बघ," अण्णा गहिवरून म्हणाले. "मला झोपेचं सांगितलास. लपवलास व्हय रे? माज्यापाशी तरी खरं बोलायचं की."

"अहो, कसलं खरं? अण्णा, हळू बोला, ती—"

"आता कशाला हळू? आता काय त्यांना ऐकू येणार हाय?" असं म्हणून अण्णा वाकले आणि त्यांनी हार चादरीवर ठेवला.

चादर हलली. झेंडूची एक पाकळी नाकाशी गेली असावी. आतून एक सणसणीत शिंक आली. पुढं बसलेल्या बाया मागं सरल्या, मागच्या उभ्या राहिल्या, आणि बसम्मा गळ्यात हार घेऊन उठून बसल्या. त्यांनी भोवतालची गर्दी बघितली, रडके चेहरे बघितले.

"एनातु? काय झालं?" त्यांनी विचारलं. "कोन गेलं?"

बायांनी घाईघाईनं डोळे पुसले.

"अगं बाई, सांगा की कुनीतरी! कोन गेलं?" आणि ज्या अर्थी कुणी सांगत नाही त्या अर्थी फारच जवळचं कुणीतरी गेलं, असं धरून बसम्मांनी सरदारबींच्या गळ्यात पडून मोठ्यानं हंबरडा फोडला. सरदारबींचा हुंदका अर्ध्यात अडकलेला होताच; तोही मग बाहेर पडला. त्या दोघींना आवरता आवरता सव्वातीन वाजले.

"झोपलीस का गं थोडी?" मंजुनाथनं घाम पुसत विचारलं.

चंद्रिकानं बॅट उचलली आणि ती बूट घालायला बसली.

गल्लीची मोठी अडचण झाली होती. माग बंद, कामगार मोकळे, आणि मयताच्या घरी द्यायचं म्हणून तीन घरांतून पिठलं-भाकरीही निघालेली. "आता उठलोच हाय तर मॅच तरी बघू," शिवप्पाअण्णा म्हणाले. त्यामुळं साडेतीनला चंद्रिकाच्या रिक्षेमागं चाळीस माणसं पिठल्याच्या पातेल्यासकट निघाली. अण्णांच्या गडबडीत कारखाना बंदचा बंदच राहिला.

सभागृहात पंच म्हणून एक सडसडीत, चष्मेवाले गुरुजी होते. त्यांनी आधी पिठलं बाहेर ठेवायला लावलं. मग म्हणाले, "हा बुद्धीचा आणि मनाचा खेळ आहे. टाळ्या पॉइंट संपल्यावर. मधे कुणी खोकलं तरी बाहेर काढीन."

पलीकडं उत्कर्षा उभी होती. अकलूजच्या बँकेची, चोविशीची पोरगी. तिनं डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला, सोडला, आणि डोळे उघडले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. विहिरीचं पाणी असावं तसं. चंद्रिकानंही डोळे मिटले. आत शंभर माग बंद पडलेली गल्ली होती.

पहिला गेम चार-अकरा. दुसरा सहा-अकरा. अजून एक गेला की सगळंच गेलं. सर्व्हिस करायला चेंडू उंच उडवावा तर तो वर असेपर्यंत दूधसुद्धा विरजून व्हायचं, इतके विचार मधे येऊन जात. पहिल्या रांगेत लिगाडेसाहेब बसले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशाला पेन होतं. चंद्रिकाला चेंडूपेक्षा ते पेनच मोठं दिसत होतं.

तिसऱ्या गेममध्ये दोन-सहा झालं तेव्हा शिवप्पाअण्णांच्या खिशात फोन थरथरला. ते वाकून, गुरुजींच्या नजरेआड, दारापाशी गेले. कारखान्यातला, मागांची देखभाल करणारा जॉबर होता.

"अण्णा, बसम्माक्का जित्या हायत म्हनं. मग चालू करू का?"

"कर, कर. सगळे कर. आधीच उशीर झालाय."

बसम्मा जिवंत असल्याची खबर एव्हाना इतर चार कारखान्यांतही पोचली होती. प्रत्येकाला वाया गेलेला वेळ भरून काढायचा होता. एकाच मिनिटाला शंभरावर मागांचे खटके खाली ओढले गेले. कुठंतरी चौकातल्या डीपीत एक मोठा धडाका झाला, आणि शाळेच्या सभागृहातले दिवे गेले, पंखे फिरत फिरत थांबले.

"थांबा," गुरुजी म्हणाले.

पाच मिनिटांनी शाळेच्या शिपायानं खिडकीखालचा जुना डिझेल जनरेटर चालू केला. दिवे आले. पण आवाज! दणदण, खडखड, दणदण, खडखड. खिडकीच्या काचा थरथरल्या, टेबलाचे पाय थरथरले. गुरुजींनी कानांवर हात ठेवले. "अशा गोंधळात मनाचा खेळ होणं शक्य नाही. मॅच पुढं ढकलू या का?" ते ओरडून म्हणाले. प्रमुख पाहुण्यांना सहाची गाडी होती. ते ओरडून 'नाही' म्हणाले.

मंजुनाथ मात्र ताडकन उठला. सकाळपासून त्यानं मोज्यात बांधून ठेवलेली शांतता अशी डिझेलच्या धुरात चालली होती. तो धावत खिडकीशी गेला, गर्दीसाठी उघडलेल्या काचा लावू लागला. "अहो, बंद करा ते! मॅच चालूय! इथं माणसाचं आयुष्य टांगलंय!" काचेनं आवाज अडेना तेव्हा तो जनरेटरच बंद करायला जिन्याकडं पळाला.

चंद्रिकानं हे सगळं बघितलं. आणि तिला जाणवलं, की आपण ते बघतो आहोत ते लांबून, निवांत, झोळीतून बघावं तसं. कानातलं गूं गूं गेलं होतं. छातीचा आवाज गेला होता. दणदण, खडखड. पायांच्या तळव्यांतून एक ओळखीची थरथर वर चढत होती. पोटऱ्यांत, कमरेत, खांद्यांत. तिनं सहज प्रेक्षकांकडं बघितलं.

सगळी गल्ली झोपली होती. चाळीसच्या चाळीस माणसं. शिवप्पाअण्णा तोंड उघडं टाकून. सरदारबी बसम्मांच्या खांद्यावर, आणि बसम्मा सरदारबींच्या डोक्यावर. बसम्मांना ऐकू येत नव्हतं, पण थरथर त्यांच्या तळव्यांनाही कळली होती. दुपारची मोडलेली झोप त्या सगळ्यांना जिथल्या तिथं परत मिळाली होती.

"अहो!" चंद्रिका एवढ्या मोठ्यानं ओरडली की जिन्यावरचा मंजुनाथ जागीच थबकला. "हात लावू नका त्याला! या हितं आणि बसा की गप!"

मग तिनं चेंडू उचलला. तो लिंबाएवढा होता.

पुढचं तिला नीट सांगता आलं नसतं. डावीकडं, उजवीकडं, टप्पा, फटका. मागावरचा धोटा या टोकाहून त्या टोकाला जावा तसा चेंडू जात-येत होता आणि मधे कापड विणलं जात होतं. विचार येत होते, नाही असं नाही. नातेपुतंही आलं. पण ते रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या माणसासारखं, मान हलवून पुढं गेलं. उत्कर्षानं डोळे मिटून लांब श्वास घेतला, तर नाकात डिझेलचा धूर गेला आणि ती खोकली. तिसरा गेम अकरा-आठ. चौथा अकरा-सात. पीरसाब रेलिंगला धरून पुटपुटत होते, "लागली, तार लागली, कुणी बोलू नका."

पाचव्या गेममध्ये नऊ-नऊ झालं. आणि लाईट आली.

शाळेच्या शिपायानं तत्परतेनं जनरेटर बंद केला. घरघरत, अडखळत तो थांबला, आणि सभागृहात शांतता कोसळली. गल्ली एका क्षणात दचकून जागी झाली. शिवप्पाअण्णांनी डोळे उघडायच्या आधी वर पंख्याकडं बघितलं. तो फिरत होता. "कोण गेलं?" ते म्हणाले. गुरुजींनी त्यांच्याकडं असं बघितलं की अण्णांनी डोळे परत मिटले.

चंद्रिकाच्या डोक्यात विचार परत शिरले. विरजण. भूमिती. गोळी. सर्व्हिस तिची होती, आणि बोटं कापत होती. अजून दोन पॉइंट. तिला आई आठवली. लाईट गेली की आई बंद मागापुढं तशीच बसून, अंधारात चाचपत, तुटलेले धागे सांधायची. तेव्हा तिच्या ओठांत असायचं ते चंद्रिकाच्या ओठांत आलं, आवाज न करता:

माग थांबला थांबू दे, ठेका थांबत न्हाई बाई
तुटल्या धाग्यापाशी, बोटांना गं कसली घाई

घाई नव्हती. बोटं थांबली. ठेका आत होता. बाहेरच्याची त्याला गरज नव्हती, हे तिला एकोणचाळीस वर्षांत आज कळत होतं. तिनं चेंडू उडवला. दहा-नऊ. पुन्हा उडवला. उत्कर्षाचा परतीचा फटका नेटला लागून, क्षणभर वर रेंगाळून, तिच्याच बाजूला पडला.

गल्लीनं असा काही कल्लोळ केला की गुरुजींनी स्वतःच बाहेर जाणं पसंत केलं. उत्कर्षा हात मिळवायला आली. "ताई, एवढ्या आवाजात तुम्ही एकाग्रता कशी राखली हो?" तिनं विचारलं. चंद्रिकानं पोरीला पिठलं-भाकरी खायला बसवलं. यशाचं श्रेय तोवर वाटून झालं होतं. पिंकी म्हणे व्हिडिओ, पीरसाब म्हणे सराव, बसम्मा म्हणे हार. आणि मंजुनाथ भेटेल त्याला सांगत होता, "दुपारी दीड तास पूर्ण शांतता दिली. त्याचा हा परिणाम."

सोमवारी मंजुनाथ पेढ्यांचा पुडा घेऊन बँकेत आला. पहिला पेढा लिगाडेसाहेबांना, दुसरा पीरसाबना, तिसरा स्वतःला. साहेबांनी यादी काढली, खोडरबरानं चंद्रिकाच्या नावापुढची खूण नीट घासून काढली, कागदावर फुंकर मारली.

"झालं. मॅडम, तुम्ही आता वर्षभर इथनं हलत नाही." मग त्यांनी उठून पंखा वाढवला. "पण शाखेतनं एकाला पाठवावंच लागतंय. इथं सगळ्यांत जास्त वर्षं झालेलं पहिलं नाव मॅडमचं होतं. दुसरं…"

मंजुनाथचा पेढा गालातच राहिला.

"मी? अहो साहेब, मी कसा? मीच तर तिला जिंकवलं!"

"ते मान्यच आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं.

दुपारच्या सुट्टीत चंद्रिकाला मंजुनाथ कुठंच दिसेना. कॅशची खिडकी बंद, डबा तसाच. घाबरून ती शोधत शोधत वरच्या मजल्यावर आली, तर दप्तरांच्या खोलीतून टक, टक, धप् असा आवाज येत होता. टेबलाच्या एका बाजूला पीरसाब उभे होते. दुसऱ्या बाजूला शर्टाच्या बाह्या वर सारून, बुंदी पाडायच्या झाऱ्यासारखी बॅट धरून, घामानं निथळत मंजुनाथ.

"अहो, जेवला नाहीत?"

"जेवण कसलं? एक तारखेपासनं नातेपुत्यात हजर व्हायचंय. टाका पीरसाब, टाका."

पीरसाबनी लहान लेकराला घास भरवावा तसा अलगद चेंडू टाकला. मंजुनाथनं सगळी ताकद लावून बॅट फिरवली. चेंडू बॅटीखालून निसटून दप्तरांच्या मांडणीखाली गेला. त्याच्यामागं मंजुनाथ गुडघे टेकून, पोट आवळून, धुळीत शिरला. चंद्रिकाचे डोळे भरून आले आणि हसूही फुटलं. दोन्हींतलं कुठलं आधी पुसावं हे तिला कळेना.

मांडणीखालून आवाज आला, "चंद्रिका, नवरा-बायकोनं जोडीनं खेळायचीबी स्पर्धा असती का गं?"

तिच्याऐवजी पीरसाबच बोलले, अगदी हळू, माणसाचं मन दुखावणार नाही अशा बेतानं.

"असती की साहेब. मिक्स्ड डबल. पर त्यात दोघांनाबी खेळाय यावं लागतं."